ग्लोबल हेल्थकडे वळणाऱ्या मुलांसाठी माजी विद्यार्थ्यांनी नेमकं काय करावं?

मुठेकाठ

दर वर्षी निकाल लागले की ज्युनिअर मुलांचे मेसेज सुरू होतात. "ताई, मला ग्लोबल हेल्थमध्ये जायचंय, डब्ल्यूएचओत कसं लागतात?" ग्लोबल हेल्थ म्हणजे देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या आरोग्याच्या प्रश्नांवरचं काम. मी पुण्यातून बीडीएस केलं, मग पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स, आणि गेली काही वर्षं लसीकरणाच्या कामात आहे. मुलांनी मला विचारणं साहजिकच आहे. मी दोन-चार लिंका पाठवते, तिकडून "थँक यू ताई" येतं. त्या मुलाचं पुढे काय झालं, कुणालाच कळत नाही.

याला मार्गदर्शन म्हणता येत नाही. कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात होणारं "यशाचा प्रवास" छापाचं भाषणही मला त्यातलंच वाटतं. माहिती आज सगळ्यांच्या फोनवर आहे. या मुलांना हवा आहे त्यांचं लिखाण ओळ न ओळ वाचणारा, "हे तू कशावरून म्हणतोस?" असं विचारणारा आणि वर्षभर संपर्कात राहणारा एखादा सीनियर.

दुसरं, आपण पुण्यात आहोत. १९५२ साली इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च आणि रॉकफेलर फाउंडेशननं मिळून इथे विषाणू संशोधन केंद्र काढलं, त्याची पुढे एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था झाली. भोसरीला एड्स संशोधन संस्था आहे, ससून हॉस्पिटल आहे, बीजे मेडिकल कॉलेजमध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर चालणारं संशोधन आहे. आणि हडपसरला लस बनवणारी सीरम. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिन्जायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या भीषण साथी येत. त्या देशांना परवडेल अशी 'ए' गटाची लस हवी होती. पाथ ही आरोग्यसंस्था आणि डब्ल्यूएचओ यांच्या प्रकल्पात आधी किंमत ठरली, अर्ध्या डॉलरच्या आत, आणि मग ती लस हडपसरमध्ये तयार झाली. डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली आणि त्या पट्ट्यातल्या 'ए' गटाच्या साथी जवळजवळ थांबल्या. माझ्याशी बोलणाऱ्या बहुतेक मुलांना हे ठाऊक नसतं. रोज हडपसरवरून पीएमपीनं जाणाऱ्या मुलांनासुद्धा!

तर प्रस्ताव असा: एका माजी विद्यार्थ्यानं दोनच मुलं घ्यायची, एका शैक्षणिक वर्षासाठी, महिन्यातून एक तास नक्की. कॉलेज कुठलंही असो. काय शिकवायचं, काय टाळायचं आणि कोण कोण तयार आहे, ते इथे मोकळेपणानं लिहा.

बार्शीची_लेक

नमस्कार ताई. मी बीएस्सी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे फक्त एमबीबीएसवाल्यांसाठी आहे का? आमच्या कॉलेजात परदेशाचं नाव निघालं की सगळे जर्मनी किंवा आखाती देशांतल्या हॉस्पिटलच्या नोकऱ्यांबद्दलच बोलतात. मला साथरोगांच्या कामात जायचं आहे. आणि एक, माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठीतून झालं. इंग्रजी वाचते, समजतं, पण दोन पानं सलग लिहायची म्हटली की हात थांबतो.

आकडेमोड

फक्त डॉक्टरांसाठी अजिबात नाही. मी मूळचा स्टॅटिस्टिक्सचा, फर्ग्युसनचा. लसींच्या चाचण्यांच्या डेटावर काम करतो. आमच्या टीममध्ये फार्मसीवाले आहेत, मायक्रोबायोलॉजीवाले आहेत, समाजशास्त्राची एक मुलगी आहे, आणि ज्यांच्याशिवाय एक दिवसही निघत नाही त्या रिसर्च नर्सेस आहेत. सहभागी माणसाला संमतिपत्र समजावून सांगणं, रक्ताचा नमुना वेळेत आणि योग्य तापमानात पोचवणं, काही त्रास झाला तर तो त्याच दिवशी नोंदवणं, हे सगळं त्या करतात.

काही जागांना मात्र एमबीबीएस लागतंच, हे आधीच सांगितलेलं बरं. पोलिओच्या कामासाठी १९९७मध्ये डब्ल्यूएचओ आणि भारत सरकारनं जे सर्वेक्षण प्रकल्पाचं जाळं उभं केलं, त्यातले सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर डॉक्टरच असतात. मेंटॉरनं, म्हणजे मार्गदर्शक सीनियरनं, हे पहिल्याच भेटीत सांगावं, म्हणजे मूल चुकीच्या दारापाशी दोन वर्षं उभं राहणार नाही.

मी तयार आहे. दोन मुलं घेईन आणि त्यांना 'आर' हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकवेन. फुकट आहे आणि जगभर चालतं.

माळरान

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. पावसाळ्यात इथे रस्ता बंद झाला की बाळंतीण झोळीतून आणावी लागते. आमच्याकडे डॉक्टरांच्या जागा रिकाम्या आहेत, आणि पुण्यातली हुशार मुलं जिनिव्हाची स्वप्नं पाहतात. त्या स्वप्नाला आपण सगळ्यांनी मिळून शिडी लावायची का? आधी इथलं करा, असं मुलांना सांगणारा कुणीतरी मेंटॉर हवा.

मुठेकाठ

@माळरान, राग कसला. तुमच्यासारखं कुणी लिहील याची वाटच पाहत होते.

पण मला हे दोन रस्ते वेगळे दिसत नाहीत. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७०मध्ये काम सुरू केलं, गावातल्या कमी शिकलेल्या, कधी अजिबात न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका बनवलं. १९७८च्या अल्मा-आता इथल्या प्राथमिक आरोग्यसेवेच्या जागतिक परिषदेआधी डब्ल्यूएचओनं जगभरातल्या ज्या प्रयोगांचा अभ्यास केला, त्यांत जामखेड होतं. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत बसवली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११पासून देशभरातल्या आशाताई त्याच धर्तीवर घरभेटी देतात. हे काम जगानं इथून घेतलं.

म्हणून मी तर म्हणेन, तुम्हीच मेंटॉर व्हा. तुमच्या केंद्रावर महिनाभर राहिलेलं मूल पुढे कुठल्याही देशात गेलं तरी त्याला कळेल, की रजिस्टरमध्ये '१०० टक्के लसीकरण' लिहिलं असेल तर आधी वस्तीवर जाऊन दंडावरचा बीसीजी या टीबीच्या लसीचा व्रण बघायचा.

वढूवाट

आता मला लिहायलाच हवं.

शिरूर-हवेलीच्या गावांमध्ये केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचा वढू ग्रामीण आरोग्य कार्यक्रम आहे. ठरलेल्या गावांतल्या प्रत्येक घरातला जन्म, मृत्यू, कोण आलं, कोण गेलं, हे सगळं तिथे वर्षानुवर्षं नोंदलं जातं. आफ्रिकेत, आशियात अशी आणखी ठिकाणं आहेत आणि त्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. मी अशाच प्रकारच्या फील्डवर्कमध्ये बरीच वर्षं आहे, म्हणून एकाच कामाबद्दल सांगते: व्हर्बल ऑटोप्सी.

घरात मृत्यू झालेला असतो. डॉक्टरनं पाहिलेलं नसतं, कागद नसतो. काही आठवडे जाऊ देऊन आपण त्या घरी जातो आणि मृत्यू कशानं झाला असेल हे कळण्यासाठी घरच्यांना विचारतो. ताप किती दिवस होता, धाप लागत होती का, पायाला सूज होती का. समोर आई बसलेली असते, मूल तिचं गेलेलं असतं. प्रश्नावली क्रमानं विचारायची असते, पण ती रडायला लागली तर पेन खाली ठेवायचं असतं. तिला "छातीत कळ आली" म्हणायचं आहे की "छाती भरून आली", यावर कारण बदलतं. आमच्या फील्डवरच्या ताया हे इतकं नेमकं ऐकतात की मोठमोठे संशोधक त्यांच्याकडून शिकतात. "बाळानं मान टाकली", "अंग तापलं होतं पण आतून", "वारं गेलं अंगावरून", हे प्रत्येक गावात वेगवेगळ्या अर्थानं म्हटलं जातं.

@बार्शीची_लेक, मराठीतून शिकल्याचं ओझं वाटून घेऊ नकोस. तुला हे ऐकता येतं. आधी मराठीतच लिही: काय पाहिलंस, काय केलंस, काय कळलं नाही. मग आपण दोघी बसून ते इंग्रजीत नेऊ. अर्जांमध्ये "लहानपणापासून मला सेवेची आवड होती" अशी सुरुवात शेकडो मुलं करतात. तू एखाद्या वॉर्डातल्या एका रात्रपाळीबद्दल नीट लिहिलंस, तर वाचणारा थांबेल. मी तुझी मेंटॉर व्हायला तयार आहे.

बार्शीची_लेक

ताई, खूप खूप आभार. आज रात्रीच लिहायला घेते.

एक_पालक

मुलगी बीएएमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं वाचून बरं वाटलं, पण आमच्यासारख्यांचा पहिला प्रश्न पैशाचा. गेल्या वर्षी एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. त्यांनी आधी मोठी फी मागितली, मग तीन विद्यापीठांची नावं दिली आणि "लोन सहज होतं" म्हणाले. शिष्यवृत्तीबद्दल एक शब्द काढला नाही. घरावर कर्ज काढून पाठवावं का?

आल्प्सपायथा

नमस्कार. मी सध्या जिनिव्हात आहे. काका, आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मग या धाग्याला आवश्यक असं थोडं कडू सांगतो.

घरावर कर्ज काढून थेट पदवीनंतर एमपीएचला, म्हणजे पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला पाठवू नका, हे माझं ठाम मत. आधी दोन-तीन वर्षं इथे काम करू दे. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला किमान दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुसचे संयुक्त मास्टर्स आहेत, कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२पासून आहे, पण ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, फेडावी लागते, हे ध्यानात ठेवा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि ती देणारं समाजकल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. इतर प्रवर्गांसाठीही राज्याच्या योजना आहेत. दर वर्षीची जाहिरात आणि अटी मूळ कागदावरच वाचायच्या, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. मेंटॉरनं निदान मुलीबरोबर बसून ती जाहिरात वाचावी.

परदेशच हवा असंही नाही. आपल्या पुणे विद्यापीठात आरोग्यशास्त्राच्या विभागात एमपीएच आहे, मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे, तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर आहे.

आता कडू. २०२५नं हे क्षेत्र हादरवलं. जानेवारीत अमेरिकेनं डब्ल्यूएचओतून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. १ जुलैला यूएसएड, म्हणजे परदेशांना मदत देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, अधिकृतपणे बंद झाली. डब्ल्यूएचओला २०२६-२७चं बजेट मूळ प्रस्तावापेक्षा सुमारे पाचव्या हिश्शानं कापून ४.२ अब्ज डॉलरवर आणावं लागलं. इथे माझ्या ओळखीच्या, पंधरा-वीस वर्षं काम केलेल्या माणसांनी टेबलं रिकामी केली. आज नव्यानं येणाऱ्या मुलाला "ये, जागा भरपूर आहेत" असं सांगणं अन्याय होईल. पी-३ या तिथल्या मधल्या श्रेणीच्या पदाला सहसा किमान पाच वर्षांचा अनुभव मागतात, आणि आता त्याच पदासाठी पंधरा वर्षांचा अनुभव असलेले अर्ज करतात.

मग मुलांनी काय करावं? रोगाचं काम कुठे थांबलेलं नाही. निधी देणारा बदलतो, टीबी तिथेच असतो. राज्य सरकारं, महापालिका, लसनिर्मिती, आपल्याच देशातल्या संस्था, इथे माणसं लागतात. ज्याच्या हाताला कौशल्य आहे, म्हणजे साथीचा तपास, डेटा, कोल्ड चेन (लस थंड ठेवून पोचवण्याची साखळी), हिशेब, त्याला काम मिळतं. फक्त 'ग्लोबल हेल्थ'ची पदवी असलेल्याला अवघड आहे.

मी दोन मुलं घेतो. इथे उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. पुण्यात रात्री साडेनऊला मला जमतं.

एक_पालक

आभारी आहे. इतकं स्पष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं. मुलीला वाचायला दिलं आहे.

माळरान

@आल्प्सपायथा, तुमची पोस्ट आवडली. @मुठेकाठ, ठीक आहे, एक मूल माझ्याकडे पाठवा. फक्त राहायची तयारी हवी, आणि फोटो काढायला येणारं नको.

पेठेतली_मी

काही गोष्टी सुरुवातीलाच लिहून ठेवाव्यात अशी विनंती, कारण नंतर बोलायला जड जातं.

मुलाकडून मेंटॉरनं स्वतःची कामं करून घ्यायची नाहीत. डेटा एंट्री, रेफरन्स लावणं, स्लाइड बनवणं, हे "शिकण्याची संधी" म्हणून खपवलं जातं. मुलानं खरोखर संशोधनात वाटा उचलला तर पेपरवर नाव, आणि ते कितवं हे काम सुरू होण्याआधी ठरवायचं. मी एका ठिकाणी दोन वर्षं काम केलं आणि छापून आलं तेव्हा आभारातही माझं नाव नव्हतं. त्या वयात भांडायचं कसं हेच माहीत नसतं.

मुलींच्या बाबतीत भेटी कॉलेजात, लायब्ररीत किंवा ऑनलाइन. रात्री-अपरात्री फोन नको. आणि मेंटॉर बदलून मागायचा असेल तर कारण न सांगता मागता यावा, त्यासाठी तिसरं कुणीतरी हवं. ते काम मी करते.

रूरल_पोस्टिंग

इंटर्नशिप चालू आहे, सरकारी कॉलेजमधून. पुढे बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष आहे. सगळे सांगतात, बॉण्ड कसाबसा संपव आणि पीजीचा अभ्यास कर. पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विषय आवडतो म्हटलं की मित्र "अरे, क्लिनिकल मिळालं नाही का?" विचारतात. हे वर्ष ग्लोबल हेल्थच्या दृष्टीनं वापरता येईल का?

माळरान

येईलच. माझ्या मते सगळ्यात चांगलं वर्ष तेच. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, औषधसाठ्याचं रजिस्टर, लसीच्या आइस लाइन्ड रेफ्रिजरेटरची तापमान नोंद, पाण्यातल्या क्लोरीनची ओटी चाचणी, आशाताई आणि एएनएम नर्सची मासिक बैठक, हे सगळं तुमच्या हातात असतं. एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, एखाद्या उपकेंद्रात गोवराचा दुसरा डोस नेहमी कमी मुलांना का मिळतो? घरोघर जाऊन शोधा. कारण कधी ऊसतोडीला गेलेलं कुटुंब निघतं, कधी लसीच्या दिवशीच भरणारा बाजार. हे शोधून काढलेलं मूल मुलाखतीत अडखळत नाही.

आकडेमोड

+१. आणि अजून एमबीबीएस किंवा बीडीएस चालू असलेल्यांनी आयसीएमआरची (इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप पाहावी. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, गाइड कॉलेजमधलाच लागतो. एथिक्स कमिटीचा कागद कसा तयार होतो हे एकदा स्वतः अनुभवलं की पुढचं सोपं जातं.

मुठेकाठ

सगळं वाचून मी असं सुचवते. @पेठेतली_मी यांचे मुद्दे जसेच्या तसे नियम म्हणून घेऊ.

पहिले तीन महिने परदेश, शिष्यवृत्ती, अर्ज यांबद्दल बोलायचंच नाही. प्रत्येक मुलानं पुण्यातली एक साथ घ्यायची आणि तिचा तपास आपण केला असता तर कसा केला असता, हे तीन-चार पानांत लिहायचं. २००९चा स्वाइन फ्लू घ्या, २०२१चा पुरंदरमधल्या बेलसरचा झिका घ्या. माझी पसंती जानेवारी २०२५च्या गियाँ-बारे या नसांच्या आजाराच्या उद्रेकाला आहे. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. अचानक पाय लुळे पडलेली माणसं एकामागून एक दाखल होऊ लागली, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाब करणारा जिवाणू सापडला, विहिरीच्या पाण्यावर संशय गेला, घरोघर सर्वेक्षण झालं. आपल्यातल्या कितीतरी जणांची घरं त्या भागात आहेत.

कुणाला रुग्ण म्हणून मोजायचं? कोणत्या तारखेपासून? आजारी न पडलेल्या शेजाऱ्यांना काय विचारायचं? टँकर, विहीर, बोअर, आरओ, जार, कोण कुठलं पाणी पीत होतं हे कसं नोंदायचं? इतका विचार एकदा केलेल्या मुलाला एपिडेमिओलॉजीचं (साथरोगशास्त्राचं) पुस्तक जड जाणार नाही.

चौथ्या महिन्यापासून अर्ज, जाहिराती, मुलाखतीचा सराव. डब्ल्यूएचओच्या इंटर्नशिपला २०२०पासून विद्यावेतन मिळतं, तेव्हा ज्यांना ती करायची असेल त्यांनी तेव्हा विषय काढावा.

आतापर्यंत मेंटॉर: मी, आकडेमोड, वढूवाट, आल्प्सपायथा, माळरान. आणखी हवेत, विशेषतः फार्मसी, फिजिओ आणि समाजशास्त्राकडून आलेले. मुलांनी इथेच लिहा: शिक्षण, वर्ष, आणि कुठली साथ निवडली. नाव-फोन इथे टाकू नका, ते व्यक्तिगत निरोपात.

रूरल_पोस्टिंग

मी गियाँ-बारे घेतो. माळरान सर चालतील.

एक_पालक

मुलगी म्हणते बेलसर. तिचं आजोळ सासवडजवळच आहे, पुढच्या सुट्टीत जाऊन येईल. यापुढे तीच लिहील.

बार्शीची_लेक

मीपण गियाँ-बारेच घेतलं. पेपरांतल्या बातम्यांवरून सरावासाठी लाइन लिस्टचा, म्हणजे एका ओळीत एक रुग्ण अशा यादीचा नमुना बनवतेय. एक शंका आहे. आलेख काढताना दाखल झाल्याची तारीख घ्यायची की पाय लुळे पडल्याची? बातम्यांत बहुतेक दाखल झाल्याचीच मिळते.

वढूवाट

लक्षणं सुरू झाल्याची. दाखल व्हायला कुणी एक दिवस लावतो, कुणी आठ, त्यामुळे दाखल तारखेवर काढलेला आलेख खरी साथ दाखवत नाही. दोन्हींसाठी वेगवेगळे रकाने ठेव, आणि तारीख मिळत नसेल तिथे अंदाजानं भरू नकोस, रिकामंच सोड. आणखी एक रकाना वाढव: पाय लुळे पडण्याआधीच्या आठवड्यांत जुलाब झाले होते का, आणि झाले असतील तर कधी. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग आधी होतो आणि गियाँ-बारे नंतर उमटतं. त्यामुळे पाण्याबद्दल विचारायचं ते जुलाबाच्या आधीच्या दिवसांचं. रविवारी दुपारी फोन करते, तोवर प्रश्नावलीतले पाण्याचे प्रश्न लिहून ठेव. मराठीत.